एमरीचा घसा आणि डोंगरावरचा पाद्री

मोहीम एका पक्ष्यासाठी होती. टर्कीचा एक म्हातारा नर वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या डोंगराच्या धारेवर दर वसंतात पहाटेपासून एवढ्या मोठ्यांदा प्रवचन द्यायचा, की एमरी प्रॉप्स्टने त्याचं नाव 'पाद्री' ठेवलं होतं. चार वर्षं एमरी त्याच्यामागे जात होता आणि चार वर्षं हात हलवत परत येत होता. यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. हिवाळ्यात एमरीचं हृदय बंद पडता पडता राहिलं होतं आणि त्याच्या बायकोने, मॅक्सीनने, अट घातली होती : "तो पाद्री मरेपर्यंत जा. तो मेला की बंदूक कायमची भिंतीवर."

हे ऐकून मॅक्सीनचा धाकटा भाऊ वेंडेल कामाला लागला. मेहुण्याची शेवटची शिकार आपण फत्ते करून द्यायची, असं त्याने ठरवूनच टाकलं. एमरीचे हात आता थरथरायचे. म्हणून एमरीने मादीचा आवाज काढून पाद्रीला जवळ बोलवायचं आणि बार वेंडेलने काढायचा, असं ठरलं. खरं तर वेंडेलने आजवर एकच गोष्ट अचूक टिपली होती, ती म्हणजे स्वतःच्या ट्रकचा आरसा. तरी एमरीने बंदूक हसत हसत त्याच्या हवाली केली. एवढं हसू कशाचं, हा प्रश्न वेंडेलला तेव्हा पडला नाही.

"याला धडधाकट परत आण," मॅक्सीन दारातून भावाला म्हणाली.

"मी काय मेंढरू आहे?" एमरीने विचारलं.

"मेंढरू सांगितलेलं ऐकतं."

उजाडायच्या आधी दोघं ओढ्यावर पोचले. वरचं बर्फ वितळून ओढा फुगला होता आणि पलीकडे जायला एक आडवा पडलेला झाडाचा बुंधा, एवढीच सोय होती. वेंडेल पुढे झाला. "माझ्या पावलावर पाऊल टाक. घाई करू नकोस. खाली बघू नकोस," असं बजावत तो मधोमध गेला आणि थेट पाण्यात गेला. कंबरेइतकं बर्फाचं पाणी! एमरी बुंध्यावरून बाजारात निघाल्यासारखा चालत पलीकडे गेला आणि त्याने वेंडेलला कॉलर धरून वर ओढलं.

"खाली बघायचं नाही म्हणालास, म्हणून मी बघितलं नाही," तो म्हणाला. "नाहीतर तू दिसला असतास."

तेव्हा वेंडेलच्या लक्षात आलं, की एमरीचं बोलणं जरा फुसफुसतंय.

"दात कुठायत तुझे?"

"घरी. ग्लासात."

मादीचा आवाज काढायची एमरीची शिट्टी तोंडात टाळूला चिकटवून वाजवायची होती. घोड्याच्या नालेसारखी चिमुकली चौकट आणि तिच्यावर ताणलेलं पातळ रबर. कवळी असली की ती नीट बसत नाही, असं एमरीचं मत. म्हणून त्याने कवळी काढली, मग शिट्टी मोठी वाटली म्हणून कात्रीने कापली, मग कडा टोचल्या म्हणून आणखी कापली. आता ती नखाएवढी उरली होती आणि तिच्यातून अप्सरेचा आवाज निघतो, असं त्याचं म्हणणं होतं.

चढण सुरू झाली. आदल्या रात्री एमरीने डोंगरातला रानलसूण बटाट्यांबरोबर परतून पातेलंभर हाणला होता, त्यामुळे त्याच्या मागून चालणं हाच एक पराक्रम होता. वेंडेलच्या बुटात ओढा होता, नाकात लसूण होता आणि डोक्यात मॅक्सीन होती. दर वळणावर तो विचारायचा, "दम लागला का?" आणि दर वेळी दम त्यालाच लागलेला असायचा.

धारेखाली एमरी थांबला आणि त्याने घुबडासारखा घुत्कार केला. घुबडाचा आवाज आला की झाडावर बसलेला नर टर्की चिडून ओरडतो आणि त्याचा ठावठिकाणा कळतो. एमरीचा घुत्कार इतका झकास जमला, की पहिल्यांदा चिडलं ते घुबडच. अंधारातून ते आलं, वेंडेलच्या डोक्यावर धाडकन आदळलं आणि टोपी घेऊन गेलं.

"हलू नकोस," एमरी कुजबुजला. "परत येईल."

"टोपी द्यायला?"

तेवढ्यात वरून पाद्री गरजला. अख्खी दरी दणाणली. वेंडेल टोपी विसरला, बूट विसरला.

दोघं एका आडव्या ओंडक्यामागे बसले, वेंडेल पुढे आणि एमरी त्याच्या पाठीशी. समोरच्या मोकळ्या जागेत त्यांनी आमिष म्हणून रबराची मादी उभी केली. हळूहळू उजेड फुटला. पानं फुटायच्या आधीच फुललेली गुलाबी झाडं उतारावर एकेक करून दिसू लागली, खालच्या खोऱ्यात धुकं दुधासारखं साचलं होतं, कुठेतरी सुतारपक्षी दिवसाचं पहिलं काम ठोकत होता आणि ओल्या मातीला वास येत होता. अर्थात लसणाच्या पलीकडून. एमरीने डोळे मिटले होते. हिवाळ्यानंतर प्रथमच त्याच्या गालांवर रंग दिसत होता.

मग त्याने शिट्टी वाजवली. पाद्रीने उत्तर दिलं. जवळून! वेंडेलने बंदूक ओंडक्यावर टेकवली. झुडपांतून लालनिळं डोकं निघालं, मागोमाग छातीवर लोंबणारी केसाळ झुपक्याची दाढी, मग पंख्यासारखी उघडलेली शेपटी. तीस पावलं. वेंडेलला नेम धरवेना. अजून जवळ येऊ दे.

मागून येणारा मादीचा आवाज एकाएकी अफाट झाला. आर्त, कापरा, काळजाला हात घालणारा! याने असं कधीच वाजवलं नव्हतं, वेंडेलच्या मनात आलं. म्हाताऱ्याने शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं तर! पाद्री फुगला, थरथरला, वीस पावलांवर आला. आवाज आणखी उंच गेला. मग उचकी. मग काहीच नाही.

बुटाची टाच जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

वेंडेलने मान वळवली. एमरी जांभळा पडला होता. दोन्ही हात गळ्याशी. शिट्टी घशात!

समोर पाद्री, मागे मेहुणा. वेंडेलने एकदा पाद्रीकडे पाहिलं हे खरं, पण एकदाच. त्याने बंदूक टाकली. एमरीला मागून मिठी मारली, बेंबीच्या वर मूठ रोवली आणि हिसडा दिला. काही नाही. पुन्हा हिसडा! दोघं वाळक्या पानांत कोसळले, लाथा झाडत लोळले. वेंडेलने त्याला पुन्हा बसतं केलं आणि जीव खाऊन दाबलं. फट्! शिट्टी गोळीसारखी सुटून ओंडक्यापलीकडे पडली. एमरीने असा श्वास ओढला, की जणू डोंगरावरची सगळी हवा त्याला एकट्याला हवी होती.

आता पाद्री तर पळून गेला असेल, असं कुणालाही वाटेल. पण पाद्रीला ऐकू काय गेलं? वाळक्या पानांत धडपड, फडफड, गुरगुर. म्हणजे दोन नर एका मादीवरून भांडताहेत. असं भांडण कुठलाही नर टर्की सोडत नाही. तो धावत आला आणि ओंडक्यावरून मान लांब करून बघू लागला. बंदुकीच्या नळीला चोच लागेल इतका जवळ! इथून वेंडेलचाही नेम चुकला नसता.

वेंडेलने हात लांबवला. पण बंदुकीवर एमरी बसला होता.

"ऊठ," वेंडेल ओठ न हलवता म्हणाला.

"नाही."

"एमरी, ऊठ! समोर आहे तो!"

"दिसतोय मला. आंधळा नाही, बोळका आहे." एमरीचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "अट काय आहे? तो मेला की माझी बंदूक भिंतीवर. मग मी काय करायचं? खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायच्या?"

वेंडेलला तेव्हा कुठे उमगलं. "म्हणून बंदूक माझ्याकडे दिलीस?"

"तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास होता. पण एवढ्या जवळून नाही."

पाद्रीला भांडणारे नर दिसले नाहीत. तो मागे वळला, रबराच्या मादीभोवती छाती काढून फिरला, तिने ढुंकून पाहिलं नाही म्हणून त्याने तिच्या डोक्यात चोच मारली. ती आडवी पडली. पाद्री घाबरून दोन पावलं मागे सरला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तो आपला काही संबंध नसल्यासारखा झुडपांत निघून गेला. एमरी आवाज न करता एवढा हसला, की वेंडेलला वाटलं पुन्हा काहीतरी अडकलं.

"चल, दवाखान्यात," वेंडेल म्हणाला.

"शिकारीला दुपारी एकपर्यंत परवानगी आहे. तोवर बसू या."

बसले नाहीत. पण उतरताना एमरीने म्हाताऱ्या झाडांखाली वाकून वाकून टोपीभर अळंबी गोळा केली, आणि वाटभर तो मॅक्सीनला काय सांगायचं ते वेंडेलला पढवत होता. दवाखान्यात घसा तपासून घेतला आणि मग दोघं घरी आले. मॅक्सीनने एमरीचा घसा बसलेला ऐकला, वेंडेलच्या ओल्या विजारीकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "वेंडेल, तू सांग."

वेंडेलला बहिणीशी खोटं बोलायला कधीच जमलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. घशातली शिट्टीसुद्धा, बंदुकीवर बसणंसुद्धा. एमरी टेबलावरच्या अळंब्यांकडे बघत राहिला.

"म्हणजे तो पक्षी जिवंत आहे," मॅक्सीन म्हणाली.

"आहे," एमरी पुटपुटला.

"डॉक्टर म्हणतात, याने रोज चालायला हवं. हा माणूस टपालपेटीपर्यंत ट्रकने जातो." तिने अळंब्या धुवायला घेतल्या. "आणि त्या पक्ष्यामागे सबंध डोंगर चढतो. जिवंत आहे ते बरंय. असू दे."

एमरीने हळूच मान वर केली.

"पण पुढच्या वर्षी लाकडी डबी घासून आवाज काढायचा," ती म्हणाली. "वितीएवढी असते. ती काही घशात जाणार नाही."

एमरीने लगेच होकार दिला. त्याला इतकी वर्षं ओळखणाऱ्या वेंडेलला मात्र तेवढी खात्री वाटली नाही.