कोल्ह्याची बॅग

"भाचा कितवीत आहे तुमचा?"

गोंदियाच्या बाजारात, बॅगांच्या दुकानात, एका अनोळखी मुलाने हे विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बी.एड. झालं त्याचं."

मेलेच मी! झालं होतं असं, की समोर एक ॲनिमेवाली बॅग लटकत होती. केशरी कोल्हा, हे एवढाले डोळे, गळ्यात निळा मफलर. बघताक्षणी जीव जडला. पण सोमवारपासून मी शाळेत रेणू मॅडम होणार होते, आणि दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये तो बच्चों का आइटम है." म्हणून मी भाचा काढला. मला भाचाच नाही.

त्या मुलाने हसू कसंबसं दाबलं. "मग घ्या ना. काऊन ठेवून राहिल्या?"

"शाळेतली पोरं हसतील..."

"भाच्याले?"

मी तोंड फिरवलं आणि शहाण्या मुलीसारखी काळी बॅग घेतली. तिरोड्याला घरी पोचेपर्यंत रडू येत होतं, खरंच.

सोमवारी स्टँडवर गोंदियाची बस लागली. आमच्याकडे आधी बॅग चढते, मग माणूस. खिडकीतून बॅग सीटवर टाकली, की जागा आपली. मीही टाकली. आत जाऊन बघते तर पाच सीटांवर पाच काळ्या बॅगा! त्यातली एक उचलून मी बिनधास्त बसले.

"ओ बाई, उठा! माह्या नातवाची बॅग आहे," एक आजी कडाडली.

"मॅडम... इकडे या."

तोच! शेजारच्या सीटवर केशरी कोल्हा, मफलरसकट. त्याने कोल्ह्याला मांडीवर घेतलं आणि मला जागा दिली. नाव हिमांशू. गोंदियाला एका लॅबमध्ये रक्त तपासतो.

"लाज नाही वाटत?" मी कोल्ह्याकडे बघत विचारलं.

"वाटते ना. पण आवडलेलं लपवून काय करू?"

मग रोज तो कोल्हा माझी जागा धरू लागला. खिडकीची. एकदा माझ्या ओढणीचं टोक कोल्ह्याच्या चेनमध्ये अडकलं... वाटेतला गंगाझरीचा थांबा गेला तरी आम्ही दोघांनीही ते सोडवायची घाई केली नाही.

आणि एका गुरुवारी तो म्हणाला, "रविवारी घरचे देवरीले मुलगी पाहाले चालले. मले घेऊन." थांबला. "जाऊ?"

"जा ना. मला काय विचारता?"

घ्या! पुन्हा काळी बॅग घेतली मी. दिवसभर फळ्यावर काय लिहिलं, देव जाणे.

शाळा सुटल्यावर तडक दुकान गाठलं.

"भांजे के लिए?" दुकानदाराने विचारलं.

"नहीं. मेरे लिए."

शुक्रवारी मी अर्धा तास आधी स्टँडवर. बस लागताच माझा कोल्हा खिडकीतून आत गेला. हिमांशू आला तेव्हा बस भरलेली होती. माझ्या शेजारचा कोल्हा बघून तो जागीच थबकला.

"सीट... खाली आहे?"

"नाही. धरली आहे."

"कोणासाठी?"

पुढच्या सीटवरून ती नातवाच्या बॅगवाली आजी वळून बघत होती. बघू दे.

"तुमच्यासाठी. आणि रविवारी देवरीला जाऊ नका."

तो वाटेतच उभा, मागची माणसं खोळंबलेली. शेवटी आजीच ओरडली, "बस ना रे बाबा! कवाची जागा धरून राहिली पोरगी!"

तो बसला. दोन मांड्यांवर दोन कोल्हे. बस सुटली, गाव मागे पडलं, तेव्हा त्याने माझ्या कोल्ह्याचा मफलर सारखा केला.

"देवरीले नाही जात," तो हळूच म्हणाला. "पण रविवारी... आईले घेऊन तुमच्या घरी येऊ? भाच्याले भेटाले?"