देवदार गेले कुठे?

"सिंदूरताल! सिंदूरताल! सिंदूरताल!" नीलने चमच्याने ताट बडवायला सुरुवात केली.

"भेडखाल!" अंतराही मागे हटेना.

"अगं, तिथे गोठलेलं तळं आहे! मे महिन्यात बर्फ! भेडखालला काय आहे? मेंढ्या!"

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर दुपारी संपला होता आणि डोंबिवलीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात संध्याकाळपासून हे रणकंदन सुरू होतं. चित्रा, म्हणजे अंतरा आणि नीलची आई, दोन वर्षांपूर्वी डोंगर चढायला लागली होती. मलंगगड झाला, माहुली झाला. आता मुलांना घेऊन पहिल्यांदाच हिमालय! शेजारचा सम्यक अंतराच्याच वर्गात होता, आठवीत. तोही बरोबर येणार होता.

"हे बघा," चित्रा माहितीपत्रक पुढे सरकवत म्हणाली, "दोन्ही ट्रेकचं शिखर चार हजार शंभर मीटर उंच. सिंदूरताल चार दिवसांत होतो, भेडखालला सहा लागतात. मला रजा मोजकीच आहे. ट्रेक नेणारे प्रीतमदादा म्हणाले, नवख्यांसाठी दोन्ही सारखेच सोपे."

"सारखेच, तर मग एकाला दोन दिवस जास्त कशाला?" अंतराने विचारलं.

नीलचा चमचा थांबला. चित्राने माहितीपत्रक पुन्हा उलटून पाहिलं. आणि एखादा प्रश्न डोक्यात शिरला की अंतराला चैन पडत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही ट्रेकची पानं शेजारी शेजारी ठेवली.

"सम्यक, इकडे बघ. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम. भेडखाल : तीन हजार शंभर मीटर, देवदारांच्या जंगलात. आता सिंदूरताल वाच."

"तीन हजार शंभर मीटर, देवदारांच्या जंगलात," सम्यकने वाचलं. "अरे, शब्दन् शब्द सेम!"

"आणि हा त्या सिंदूरतालच्या मुक्कामाचा फोटो."

फोटोत पिवळे तंबू होते, दगड होते, चिवट पिवळं गवत होतं.

"देवदार कुठे गेले?" नील ओरडला. "एक झाड नाहीये यात!"

अंतराने दोन्ही पानं उचलून आईपुढे धरली.

चित्राने लगेच प्रीतमदादांना फोन लावला. कल्याणला त्यांची ट्रेकिंगची संस्था होती. माणूस हसतमुख आणि बोलण्यात पटाईत. फोन स्पीकरवर होता आणि प्रश्न अंतराने विचारला.

"अरे बेटा, डोंगर तोच, जंगल तेच!" ते मोठ्याने हसले. "चार वर्षं हेच छापतोय मी. फोटोत झाडं आली नसतील. तू बॅग भर बघू आधी!"

"छपाईची चूक असेल गं," फोन ठेवून चित्रा म्हणाली. पण तिच्या कपाळावर आठी होती.

"आजोबांना विचारू," सम्यक म्हणाला. "ते डोंगरावरच्या ठाण्यांवर होते. सैन्यात असताना."

सम्यकचे आजोबा, सीताराम आजोबा, ठाण्याला कोपरीत राहत. तिघं पोचले तेव्हा ते गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो बराच वेळ न्याहाळला.

"साडेतीन हजार मीटरच्या आसपास मोठी झाडं संपतात," ते म्हणाले. "त्यावर फक्त गवत आणि दगड. ही जागा तीन हजार शंभरची वाटत नाही मला."

"पण आजोबा, थोडं वर झोपलं तर काय बिघडलं?" नीलने विचारलं. त्याच्या डोळ्यांपुढे अजून ते तळं होतं.

आजोबा खुर्चीत बसले. "आमच्यात एक पहिलवान गडी होता. दोन माणसांचं ओझं एकटा उचलायचा. आम्हांला वर पाठवायच्या आधी मधल्या तळावर थांबवून ठेवायचे, तेव्हा तो वैतागायचा. एकदा सुट्टीवरून परतला आणि न थांबता थेट वर आला. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसला, श्वास लागला. चौघांनी उचलून खाली आणला, म्हणून वाचला. उंची पायांनी भराभर चढता येते रे पोरा, पण रक्ताला ती सवयीनेच चढावी लागते."

"मग ट्रेक निवडायचा कसा?" अंतराने विचारलं.

"शिखर किती उंच, हे सगळे विचारतात. तुम्ही विचारा, रात्री झोपणार कुठे? तीन हजारांच्या वर गेलात की कालच्यापेक्षा पाचेकशे मीटरच वर झोपावं. घाई नाही."

अंतराने वहीत रात्रीच्या मुक्कामांच्या उंचीचे ठिपके जोडून दोन रेघा काढायला घेतल्या. भेडखालची रेघ जिन्यासारखी पायरीपायरीने वर जात होती. सिंदूरतालची पहिली रात्र पायथ्याच्या गावात, चोवीसशे मीटरवर. पण दुसरा ठिपका द्यायचा कुठे? खरी उंची माहीत नव्हती.

सम्यक फोटोवर वाकला होता. "ए, यात सगळेच डावखुरे आहेत का रे? सगळ्यांची घड्याळं उजव्या हातात!"

"आणि तंबूमागच्या पाटीवर कुठल्या भाषेत लिहिलंय?" नील म्हणाला. "अक्षरं काहीतरी विचित्रच आहेत."

अंतरा ताडकन उठली. "आजोबा, दाढीचा आरसा आहे तुमच्याकडे?"

आरसा आला. नीलने तो फोटोसमोर उभा धरला, सम्यकने भिंग लावलं. घड्याळं डाव्या हातात गेली आणि ती विचित्र अक्षरं झटकन सरळ झाली!

"सिंदूरताल शिविर," अंतरा हिंदीतलं एकेक अक्षर वाचू लागली, "ऊंचाई... तीन हजार आठशे पन्नास!"

"म्हणजे एका रात्रीत साडेचौदाशे मीटर!" सम्यक किंचाळला.

आजोबांचा चेहरा गंभीर झाला. "हे लोकांना कळलंच पाहिजे. आणि लवकर."

पण कसं? प्रीतमदादा पुन्हा हसून टाळणार! रविवारी कल्याणच्या एका सभागृहात दोन्ही ट्रेकची माहिती देणारी सभा होती. परतीच्या वाटेवर तिघांचं खलबत झालं.

"आधी त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं," अंतरा म्हणाली. "मग ते म्हणूच शकणार नाहीत की फोटो भलताच आहे!"

रविवारी सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. चित्रा मुलांशेजारी बसली होती. तिला सगळं कळलं होतं आणि तिने एवढंच बजावलं होतं, "बोला, पण नीट बोला." सीताराम आजोबा मागच्या रांगेत होते.

"दोन्ही ट्रेक सारखेच!" प्रीतमदादा पडद्यासमोर फेऱ्या मारत होते. "रजा कमी असेल तर सिंदूरताल घ्या! काही प्रश्न?"

अंतराचा हात वर गेला. "सर, सिंदूरतालच्या मुक्कामाचा फोटो मोठा करून दाखवाल का? तो तिथलाच आहे ना?"

"अस्सल तिथलाच, बेटा! आमच्याच लोकांनी काढलाय!" त्यांनी फोटो पडद्यावर आणला.

"सर," सम्यक उभा राहिला, "तो आरशातल्यासारखा फिरवून दाखवता का? घड्याळं उजव्या हातात दिसतायत."

लोक हसले. "वा, बारीक नजर आहे! तंबू मजकुराच्या बाजूला यावेत म्हणून आमच्या डिझाइनरने फिरवला असेल," प्रीतमदादा म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

फोटो गर्रकन फिरला.

"आता पाटी वाचा!" नील बाकावर चढून ओरडला. "तीन हजार आठशे पन्नास!"

प्रीतमदादांनी पडद्याकडे पाहिलं, हातातल्या माहितीपत्रकाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. त्यांचं हसू मावळलं.

अंतराने वही उघडून दोन्ही रेघा दाखवल्या. "शिखरं सारखी आहेत, पण वाटा सारख्या नाहीत. भेडखालला दोन दिवस जास्त लागतात, कारण तिथे शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. सिंदूरतालला तो मिळतच नाही."

कडेला उभी असलेली रसिकाताई पुढे आली. संस्थेचे ट्रेक तीच घेऊन जायची. "ती बरोबर बोलत्येय," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी अठरा जणांना घेऊन गेलेले. तिघांना उलट्या सुरू झाल्या, त्यांना त्याच दिवशी खाली उतरवलं. दादा, मी तुम्हांला तेव्हाच सांगितलेलं, मध्ये एक मुक्काम वाढवा म्हणून."

"सांगितलं होतंस," प्रीतमदादा खालच्या आवाजात म्हणाले. "मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. आणि सिंदूरतालचं पान... भेडखालचंच उचलून चिकटवलं. मी स्वतः तिथे कधी गेलोच नाही." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "माफ करा. मध्ये दोन मुक्काम वाढवल्याशिवाय सिंदूरताल होणार नाही. ज्यांनी नाव दिलंय त्या प्रत्येकाला मी आजच फोन करतो."

मागून सीताराम आजोबांनी टाळी वाजवली आणि मग सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. चित्राने मुलांच्या पाठीवरून हात फिरवला. "मी मोठी असून घाईत फक्त शिखराची उंची बघितली. तुम्ही वाट बघितलीत. रजा वाढवून घेते, भेडखालला जाऊ."

"पण माझं तळं गेलं!" नीलने नाक उडवलं.

"तळं तिथेच आहे," आजोबा म्हणाले. "एखादा डोंगर चढून ये, मग त्याच्याकडे जा."

गर्दी पांगत होती. तेवढ्यात साठीच्या एक बाई अंतराकडे आल्या. पायांत नवेकोरे बूट, अजून लेस कडक. त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला.

"मी लक्ष्मी. आंबिवलीची. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच निघाले होते, एकटीच. सिंदूरतालला नाव दिलं होतं गं. पंधरा तारखेला निघणार होते."

अंतराने त्यांच्या नव्या बुटांकडे पाहिलं. इतके दिवस ती आकड्यांच्या मागे धावत होती. त्या आकड्यांवर झोपायला कोण जाणार होतं, हे तिने आता पाहिलं.

"भेडखालला याल का आमच्याबरोबर?" तिने विचारलं. "हळूहळू जाऊ."

"पण मी फार सावकाश चालते हं!"

"मग तुम्हीच पुढे चाला," अंतरा म्हणाली. "आम्ही सगळे तुमच्या मागून येतो."