उशीखालच्या चिठ्ठ्या

घडीवालीने फ्रॉक घेतला तो निव्वळ अंदाजाने. लेकीला सोडून परक्या मुलखात आली तेव्हा पोर दोन वर्षांची होती, आता पाचवं सरत आलं होतं. पाच वर्षांची पोर केवढी असते, हे तिला दुकानातल्या पुतळ्यांवरून ठरवावं लागलं. दीड महिन्याने रजा होती, तीन वर्षांतली पहिलीच. खोलीवर येऊन तिने फ्रॉक पलंगाखालच्या पेटीत ठेवला आणि सवयीने उशीखाली हात घातला. चिठ्ठी होती.

घडीवाली हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती ज्या धुलाईघरात कामाला होती तिथे हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरून येत. रोलरमधून तापून निघालेल्या चादरीची चार टोकं दोघींनी धरायची, अंतर साधायचं, घडी घालायची, की पुढची तयार. तिच्या हाताला असं वळण होतं की समोरची बाई जांभई देईपर्यंत घडी झालेली असे. तेव्हापासून ती घडीवाली, आणि खरं नाव राहिलं ते हजेरीच्या कार्डावर आणि ऑफिसच्या कपाटात अडकलेल्या पासपोर्टात.

राहायच्या खोलीत पलंग आठ आणि बायका सोळा. दिवसपाळीच्या आठजणी रात्री झोपत, रातपाळीच्या आठजणी दिवसा. एक बस बायकांना घेऊन मागच्या फाटकाने निघाली की दुसरी पुढच्या फाटकाने आत येई, त्यामुळे एका गादीवरच्या दोघी वर्षानुवर्षं एकमेकींचं तोंड बघत नसत. खिडकीला आतून काळा कागद डकवलेला. दिवस असो की रात्र, आत तोच पिवळा दिवा, ओल्या कपड्यांचा तोच वास आणि भिंतीपलीकडे पाण्याच्या पंपाची तीच घरघर.

घडीवालीच्या पलंगावरची दुसरी, तिने मनाशी ठेवलेलं नाव रातवाली. ती कधी दिसली नाही, पण ती असल्याचं कळायचं. चादर चुरगळलेली, उशीला डोक्याचा खळगा. गादी मात्र गार. दिवसभर वाफेत उकडून निघालेल्या अंगाला तो गारवा बरा वाटे, म्हणून घडीवालीने फार डोकं चालवलं नाही. लवकर उठत असेल बिचारी.

वरच्या पलंगावरची बाई भलत्याच देशाची, भाषेच्या नावाने दोघींत शुकशुकाट. पहिल्याच आठवड्यात तिने खालच्या गादीकडे बोट दाखवलं, तळहातावर गाल टेकून डोळे मिटले आणि मग बराच वेळ उघडलेच नाहीत. घडीवालीला वाटलं, ही म्हणतेय की इथे झोप छान लागते. तिने हसून मान डोलावली.  पण वरची त्या पलंगाच्या कडेवर कधी टेकलीही नाही.

आणि अशात एका संध्याकाळी उशीखाली चिठ्ठी निघाली, पेन्सिलने लिहिलेली, अक्षर डावीकडे कललेलं, आणि चक्क आपल्या भाषेत. ताई, घरी कोण कोण आहे तुमचं?

घडीवाली ढसाढसा रडली. दोन वर्षं तिने आपल्या भाषेतला शब्द ऐकला होता तो फक्त रविवारी, फोनवर, आईकडून. त्या रात्री तिने वहीची चार पानं भरली. मग रोजच. नवरा कसा गेला, आईला दिसत कसं नाही, आवाजावरून आणि चाहुलीवरून ती कशी घर चालवते. घरची वाट, दाराची कडी, पोरीच्या हनुवटीवरचा तीळ, तिला वेणी कशी आवडते. रातवालीची उत्तरं आखूड असत, पण प्रश्न नेमके. मनातलं ओळखून विचारते, असं घडीवालीला वाटे. स्वतःबद्दल ती काही लिहीत नसे. घडीवालीने एकदा विचारलं, तर उत्तर आलं, मला विचारणारं कुणी उरलं नाही ताई, तुम्हीच सांगा.

फ्रॉक आणला त्या दिवशीच्या चिठ्ठीत एकच ओळ होती. पोर तुम्हाला ओळखेल कशावरून?

हेच ते काळजात रुतून बसलेलं. घरचा फोन साधा, चेहरा न दाखवणारा. पोरीसाठी आई म्हणजे रविवारचा आवाज. म्हणून मायलेकींनी एक खूण ठरवली होती. घडीवाली फोनवर नखाने तीनदा टकटक करायची, थांबायची, आणि पोर तिकडून चौथी टकटक द्यायची. दारावरही तशीच वाजवीन, तीनदा वाजवेल ती तुझी आई, असं तिने पोरीला शंभरदा सांगितलं होतं. हे गुपित तिने दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशीची चिठ्ठी कामाची होती. ताई, मला चार दिवस धुलाईघराच्या फाटकावर पोचायला उशीर होणार आहे. तुमचं कार्ड मला द्या, माझं तुम्ही ठेवा. तुमची वेळ मी लावीन, माझी तुम्ही लावा.

यात नवल काहीच नव्हतं. धुलाईघरात सगळ्याच बायका एकमेकींची कार्डं लावत. कुणाला ताप, कुणाला फोनची वेळ, मुकादमीणही काणाडोळा करी. घडीवालीने आपलं कार्ड उशीखाली ठेवलं. संध्याकाळी तिथे दुसरं होतं, त्यावरचा फोटो घासून पांढरा झालेला. चार दिवसांचे बारा झाले, मग महिना. आणि एका संध्याकाळपासून चिठ्ठ्या बंद झाल्या. पेटी उघडली तर फ्रॉक नव्हता.

 दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत घडीवालीने ऑफिसच्या खिडकीशी जाऊन आपलं नाव सांगितलं आणि रजेचं विचारलं. कारकुनाने रजिस्टर चाळलं. म्हणाला, ही बाई तर गेली. रजा आठवडाभर आधी मागून घेतली, पासपोर्ट नेला, परवाच्या विमानाने गेली, ही सही. घडीवालीने सही पाहिली. नाव तिचंच होतं. अक्षर डावीकडे कललेलं.

तिने हातातलं कार्ड पुढे केलं. हे जिचं आहे तिला बोलवा, म्हणाली, तिने मला फसवलंय.

कारकुनाने नंबर वाचला, पुन्हा वाचला. मग पहिल्यांदाच त्याने मान वर केली.

"हे कुठे सापडलं तुला?" त्याचा आवाज उतरला होता. "हा नंबर बंद आहे. ही बाई चार वर्षांपूर्वी वारली... तुमच्याच खोलीत, झोपेतच. शोध घेतला, पण घरचं कुणी सापडलं नाही. त्या पलंगावर रातपाळीची कुणीच नाही तेव्हापासून."

त्याने कार्ड बोटाच्या टोकाने परत सरकवलं आणि खिडकी लावून घेतली.

घडीवालीने पायरीवर बसून घरी फोन लावला.  पलीकडून आईचा आवाज आला, कधी नव्हे इतका उजळलेला.

"आई, मी बोलतेय."

"मी कोण?"

"तुझी लेक..."

 आई समजावणीच्या सुरात म्हणाली, "चुकून लागला वाटतं फोन, आवाज काही ओळखीचा नाही. माझी लेक आलीये बाई, परवाच. ही काय इथे बसलीये, पोरीची वेणी घालतेय."

घडीवालीने सगळं सांगून पाहिलं, तीळ, कडी, नवऱ्याचं आजारपण. आई म्हणाली, हे सगळं तिनेही सांगितलं. मग फोन पोरीच्या हातात गेला.  घडीवालीने नखाने तीनदा टकटक केली आणि थांबली.

चौथी आली नाही.

"ती माझ्या आईची खूण आहे," पोर हळूच म्हणाली. "तिने दारावर वाजवली, मी आतून दिली... मला लाल फ्रॉक आणलाय. थोडा मोठा होतो." आणि मग आणखी हळू, "तिचे हात खूप गार आहेत."

फोन कुणीतरी काढून घेतला.  मग घडीवालीच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "ताई, पोरीला जपेन. शब्द देते." फोन बंद झाला. नंतर तो नंबर कधी लागला नाही.

दुसऱ्या सकाळी घडीवालीने ते कार्ड फाटकावर लावलं, तर लाल दिवा. दहादा लावलं. बायका तिच्या अंगावरून आत जात राहिल्या, समोरून घडी धरणारीनेही वळून पाहिलं नाही. मुकादमिणीला तिने हाक मारली, ओरडून मारली. मुकादमिणीने शाल घट्ट ओढली आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळी सातला, रातपाळीच्या वेळेला, घडीवालीने पुन्हा कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला.

किती दिवस गेले ते तिला सांगता आलं नसतं. काळ्या कागदामागे दिवस मोजणार कसे? ती रात्रभर चादरींच्या घड्या घाली, सकाळी त्या पलंगावर आडवी होई, आणि गादी काही केल्या तापत नसे. फोनवर नखाने तीनदा टकटक करायची तिची सवय मात्र सुटली नाही.

मग एका सकाळी चादरीला अनोळखी तेलाचा वास आला. पलंगाखाली नवी पेटी होती, तिच्यावर बाळाचं झबलं घडी करून ठेवलेलं. झबल्याला बाळ कुठलं, ते तिकडे घरी मागे राहिलेलं. उशीखाली आपल्या भाषेत लिहिलेली चिठ्ठी होती, गोल, कोवळ्या अक्षरात. ताई, मी कालच आले. तुम्ही फार लवकर उठता का? गादी गारच होती.

घडीवाली ती चिठ्ठी हातात घेऊन बसून राहिली. फाडून टाकावी असं तिच्या मनात आलं. हिला लिहावं, पळ, तुझं कार्ड कुणाला देऊ नकोस, काही म्हणजे काही सांगू नकोस. तिने पेन्सिल उचलली आणि लिहायला घेतलं, तेव्हा डोळ्यांपुढे लाल फ्रॉक होता, थोडा मोठा होणारा.

लिहून झाल्यावर तिने पाहिलं. अक्षर डावीकडे कललेलं होतं.

हो, लवकर उठते. घरी कोण कोण आहे तुझं?