नवसाबाईच्या विहिरीची नळी

सेप्टिक टँक किती वर्षं टिकते, असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, घरात माणसं किती. लोकांना वाटतं मिस्त्री चेष्टा करतोय. पण सगळं त्यावरच असतं. विटांची टाकी नीट बांधली, आतून गिलावा घोटून केला, तर पंचवीस-तीस वर्षं तिला काही होत नाही. चार-पाच माणसांच्या घरात दर तीन-चार वर्षांनी गाळ तेवढा उपसावा लागतो. आधी मरतो तो शोषखड्डा. मुरमात असला तर पंधरा वर्षं, काळ्या मातीत सात-आठ. मग पाणी टाकलं की संडासाचं भांडं गुडगुडतं, अंगणात एकाच जागी गवत हिरवंगार राहतं, आणि पाहुणे यायचे म्हटलं की घरमालक उदबत्ती शोधायला लागतो. तेव्हा समजावं, नवीन करायची वेळ आली.

मखमलाबाद शिवारातल्या देवरे सरांची टाकी मी १९९३ साली बांधली. ती कधीच भरली नाही. ही गोष्ट मी पंचवटीत चहाच्या टपरीवर पुष्कळदा सांगितली आहे, दर वेळी वेगळा मसाला घालून. एकदा तर टाकीत कासव सोडलंय म्हणून सांगितलं, आणि दोघांनी आपल्या टाकीसाठी कासव मागितलं. पण एक भाग मी नेहमी गाळत आलो. तो आज लिहितो. मला लोक थापाड्या म्हणतात, ते आज बरंच आहे, कोणी खरं धरणार नाही.

प्लॉट पडायच्या आधी तिथं नवसाबाईचा शेवंतीचा मळा होता. बाई साठीतली, काटक. काही विचारायचं असलं की आधी दोनदा घसा खाकरायची. तिची विहीर सरांच्या प्लॉटच्या कोपऱ्यात आली होती. दगडी बांधणीची, कठड्याला दोरांनी बोटभर खोल खाचा पाडलेल्या. विहीर बुजवायच्या दिवशी ती खण-नारळ घेऊन आली.

"लहानूभाऊ," दोनदा खाकरून ती म्हणाली, "बुजवा. जमीन इकली, आता काय बोलू? पण तिला श्वास घ्यायला नळी ठेवा. नायतर ती कोंडती."

"ठेवतो, मावशी."

"आन् तिच्यात घाण जाऊ देऊ नका. या पाण्यावर लय पोटं भरली. तेवढं कराल ना?"

तिनं नारळ माझ्या हातात दिला. नारळ हातात धरून मी शब्द दिला.

चार इंची सिमेंटची नळी विहिरीत मधोमध उभी धरली आणि भोवती डबर ओतलं. म्हणजे अर्धा शब्द पाळला.

पुढच्या आठवड्यात शोषखड्डा खणायला घेतला. काळी माती, चिवट, फावड्याला चिकटून बसणारी. दोन दिवसांत मजूर कंटाळले, त्यांच्याआधी मी. तिसऱ्या दिवशी ते भाकरी खायला आंब्याखाली गेले, तेव्हा मी टाकीपाशी एकटाच होतो. समोर ती नळी. तिच्याखाली पस्तीस फूट मोकळं डबर. असा शोषखड्डा जन्मात कोणाला मिळाला नसता. अर्ध्या तासात टाकीचं सांडपाणी जमिनीखालून नळीला जोडलं आणि वर माती लोटली. टाकीचा वायू बाहेर जायलाही नळी लागतेच, म्हणून तीच वर वाढवून भिंतीला टेकवली, टोकाला जाळी बसवली.

सरांना सांगितलं, शोषखड्डा झाला. सर नामपूरचे, शाळेत गणित शिकवायचे, माणूस सरळ. आपल्या अहिराणीत म्हणाले, "मिस्त्री, तुमनं काम पक्कं शे."

त्या दिवाळीत पाडव्याला त्यांनी मला फराळाला बोलावलं. सकाळी दहाला नवसाबाई आली. हातात शेवंतीचा हार. ती सरळ कोपऱ्यात गेली, संडासाच्या टाकीच्या त्या नळीला हार घातला, हळदकुंकू लावलं आणि नळीला कान लावून डोळे मिटले.

"चालू हाय," ती म्हणाली. "लहानूभाऊनं इमानानं ठेवली बरं नळी."

सरांची बायको, सुवर्णाताई, हसून म्हणाल्या, "अगंबाई, मिस्त्री लाजले!"

मी अख्खा लाडू तोंडात कोंबला.

बाई गेल्यावर सवयीनं नळीच्या सांध्याशी वाकून हुंगलं. अशा नळीला कसा वास येतो ते मला कोणी शिकवायला नको. या नळीला ओल्या मातीचा वास होता, आणि शेवंतीच्या पाल्याचा. हाराचा असेल, असं म्हणून मी सायकल काढली.

नवसाबाई दर पाडव्याला येत राहिली. मी फराळाला जायचं बंद केलं.

१९९७ मध्ये सरांनी टाकी उपसायला बोलावलं. झाकण उचललं. आत पाणी होतं, नुसतं पाणी. तळावर माझ्या थापीच्या खुणा दिसत होत्या. गाळ नाही, माशी नाही.

"मिस्त्री, घरात आम्ही पाच जण," सर म्हणाले. "चार वर्षं झाली. मग गेलं कुठं सगळं?"

"कामच तसं केलंय, सर."

"गणितात बसत नाही हे."

"सगळं गणितात बसवायला गेलं तर घरं उभी राहायची नाहीत," असं म्हणून मी झाकण लावलं.

२००१ मध्ये परत उघडलं. पाणी तसंच. पण झाकणाच्या चौकटीच्या सिमेंटला खाचा पडल्या होत्या. गुळगुळीत, एकीशेजारी एक. मी एकीत बोट घातलं. बोट बरोबर बसलं.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"उंदीर असतील."

"सिमेंट खाणारे?"

"नाशिकचे उंदीर, सर. त्यांचं काही सांगता येत नाही."

सर हसले. मी हात धुतले, आणि परत धुतले.

त्याच वर्षी माझ्या घरची टाकी भरायला लागली. माझं घर जेलरोडला, मखमलाबादहून दहा-बारा किलोमीटर, मध्ये गोदावरी. घरात दोनच माणसं, मी आणि माझी बायको लता. टाकी मीच बांधलेली, शोषखड्डा मुरमात. मार्चमध्ये उपसली, मेमध्ये काठोकाठ भरली, जूनअखेर परत. उपसायचा टँकर घेऊन भिकन यायचा. तिसऱ्या खेपेला त्यानं पाइप खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, घरात वऱ्हाड उतरलंय का?"

"पाहुणे होते."

"पाहुणे जेवून जातात का नुसते इथंच बसतात? बारा वर्षं हे काम करतोय मी. दोघांचं नाय हे. पाच माणसांचं हे."

तो मोठ्यानं बोलायचा. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. लता आत गेली ती टँकर जाईपर्यंत बाहेर आली नाही. त्यानंतर तिनं अंगणात पापड-कुरडया घालायचं सोडलं. माहेरच्यांना बोलवायचं सोडलं.

ऑगस्टमध्ये भिकनच्या पाइपाच्या जाळीत एक चांदीची मासोळी आली, पायाच्या बोटातली. त्यानं ती धुऊन माझ्या हातावर ठेवली. "काकूंची असेल." लताच्या दोन्ही पायांतल्या मासोळ्या जागच्या जागी होत्या.

आठवड्यानं सरांकडे गेलो. सुवर्णाताईंनी पाय पुढे केला. "मिस्त्री, माझी एक मासोळी गेल्या महिन्यात संडासात पडली हो. आईनं दिलेली. टाकीत बघता का जरा?"

दुसऱ्या पायातली माझ्या खिशातल्या मासोळीसारखीच होती. तेच खवल्यांचं नक्षीकाम.

"बघतो," मी म्हणालो. झाकण उघडलं, स्वच्छ पाण्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिलो, झाकण लावलं. "नाही दिसत, ताई."

त्यांना काय सांगणार होतो? मासोळी मी काडेपेटीत ठेवली. अजून आहे.

२००४ च्या उन्हाळ्यात नवसाबाईनं मला बोलावणं पाठवलं. मखमलाबाद गावात दुपारच्या वेळी गेलो. ती खाटेवर होती, पार आटलेली. सून दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

बाई दोनदा खाकरली. त्यालाही तिला वेळ लागला.

"लहानूभाऊ, खरं सांगा. नळी तिचीच हाय ना? घाण तं नाय ना जात?"

एवढ्यासाठीच तिनं मला बोलावलं होतं. नुसतं 'चुकलो' म्हणायचं होतं. पण अकरा पाडवे त्या नळीला हार पडला होता. अकरा पाडवे तिनं कशाला कान लावला, ते तिला कोणत्या तोंडानं सांगू? आणि सून ऐकत होती.

"तिचीच, मावशी. नारळावर शब्द दिला होता ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. हिशेबानंही नाही. शाळेबद्दल थाप मारणाऱ्या मुलाकडे आपण बघतो तसं.

"बरं," ती म्हणाली. "मग मी बघून येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी भरायच्या वेळेला ती गेली.

२००६ मध्ये सरांच्या कॉलनीत ड्रेनेजची लाइन आली. टाकी बंद करायची म्हणून झाकणं काढली. आत पाणी नव्हतं. तळ झाडून काढल्यासारखा कोरडा. दोन दिवस उघडी ठेवून मी शिडीनं खाली उतरलो. जिथं भिंत फोडून मी नळी जोडली होती, तिथं भोकच नव्हतं. गिलावा सलग होता. मी तळहातानं सगळी भिंत चाचपली.

"आता ती वरची नळी कशाला?" सर म्हणाले. "काढून टाका."

मी हातोडा मारला. नळी तुटली तेव्हा आतून हवा ओढल्यासारखा आवाज आला. मग काही नाही.

त्या पाडव्याला सकाळी दहाला लतानं मला अंगणातून हाक मारली.

"अहो, आपल्या टाकीच्या नळीला हार कोणी घातला?"

शेवंतीचा. ताजा, पाणी निथळत होतं.

मी नळीला कान लावला.

आत श्वास चालू होता. सावकाश, म्हाताऱ्या माणसाचा.

मी तोंड उघडलं. मागे लता उभी होती. कुंपणापलीकडे शेजारीण. मी तोंड मिटलं.

आता टाकी भरत नाही. भिकनही येत नाही.

रोज दहा वाजता मी नळीपाशी जातो, आज तरी सांगू म्हणून. मी जवळ गेलो की श्वास थांबतो.

मग आत कोणीतरी दोनदा घसा खाकरतं, आणि वाट बघत राहतं.