कॅप्टन डॉक्टरांच्या तसबिरीचं गंध

मंडईजवळच्या सभागृहाचा जिना चढताना उल्काचा गुडघा नेहमीसारखा ठणकला आणि डोकंही नेहमीसारखं तडकलं. वडिलांचा स्मृतिदिन म्हणजे दरवर्षीचा छळ नुसता! कॅप्टन डॉक्टर यज्ञेश्वरांवर लोक तासन्‌तास बोलायचे. त्यांची एक कविता वाचायची म्हटलं, की मात्र वेळ संपायचा.

"यंदा तरी वाचू देणारेत का गं तुला?" परवीनने विचारलं. दोघी एकाच शाळेतून निवृत्त झालेल्या.

"अध्यक्षांनी शब्द दिलाय. त्यांच्याकडे शब्दच शब्द असतात, तीच तर पंचाईत."

अध्यक्ष श्यामसुंदरराव गंधाची वाटी घेऊन तसबिरीकडे निघाले होते.

"अहो, कपाळाला नको. दरवर्षी सांगते मी. बाबांना चालत नसे."

खरंच चालत नसे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जखमी जवानाला मॉर्फिन टोचलं, की कॅप्टन त्याच्या कपाळावर ओल्या जांभळ्या पेन्सिलीने खूण करायचे. दुसऱ्या डॉक्टरने चुकून पुन्हा टोचू नये म्हणून. औषध थोडं, जखमी फार. ज्याच्यापुढे दुसरा इलाज नाही, त्यालाच ते मिळायचं. खूण झाली की जवान शांत व्हायचा, बहुतेकदा कायमचा. ते युद्धावरून घरी परतल्यावर आनंदीआत्या भाऊबीजेचं गंध त्यांच्या तळहातावर लावायची.

"मग काय, आयोडिन लावू?" श्यामसुंदरराव म्हणाले. चार माणसं हसली. तसबिरीच्या काचेवर, बरोबर कपाळापाशी, त्यांनी ठसठशीत टिळा ओढला.

भाषणं सुरू झाली. पहिलं संपेपर्यंत काच स्वच्छ झाली होती.

कुणी जवळसुद्धा गेलं नव्हतं. श्यामसुंदररावांनी ते पाहिलं आणि चरफडत उठून पुन्हा टिळा लावला. थोड्या वेळाने तोही गेला. खालच्या पांढऱ्या हारावर गंधाचा ठिपकासुद्धा नव्हता.

शेवटी ते स्वतः बोलायला उभे राहिले. डावा खांदा चोळत खूप बोलले. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "वेळेअभावी कविता आपण पुढच्या वर्षी..."

उल्काला अस्सा संताप आला, की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. बाबा, आता तुम्हीच बघा हो याच्याकडे, ती मनात म्हणाली.

श्यामसुंदरराव बोलता बोलता थांबले.

त्यांच्या कपाळावर जांभळी खूण होती. ओली.

ते हळूच खुर्चीत बसले. चेहरा लहान मुलासारखा निवांत झाला होता.

"सकाळपासून खांदा धरला होता," ते म्हणाले. "आता काही दुखत नाही हो. वाचा, उल्काताई."

तिने वाचली. इतकी वर्षं घोकलेली कविता, आवाज जराही कापला नाही.

टाळ्या वाजल्या. श्यामसुंदररावांचे हात मांडीवरच राहिले.

मग कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर! अहो, डॉक्टरांना बोलवा!"

उल्का धावत जिना उतरली, रस्त्यावर आली, हात करून रिक्षा थांबवली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, आपण धावलो. गुडघा दुखत नव्हता. कुठेच काही दुखत नव्हतं.

मागून परवीन आली. तिने पर्समधून रुमाल काढला होता, पण पुढे केला नाही. ती उल्काच्या कपाळाकडे बघत होती.