मागची मधली सीट

जुनी गाडी बघायला गेलो की मी आधी बोनेट उघडत नाही. ते सगळेच उघडतात. विकणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून त्याने आदल्याच दिवशी इंजिन पुसून आरसा केलेला असतो. मी चाकापाशी उकिडवा बसतो आणि चाक आणि वरची कमान यांच्यामधल्या फटीत बोटं घालतो. पुढे किती मावतात, मागे किती मावतात. गाडीने किती ओझं वाहिलंय, ते तिथे कळतं.

हे मला कोणी शिकवलं नाही. नऊ वर्षं गॅरेजात गाड्यांखाली पाठ घासली, त्यातून आलं. नंतर गाड्यांवर लिहायला लागलो. फक्त जुन्या गाड्यांवर, कारण नव्या गाड्यांवर लिहिणारे कंपनीच्या खर्चाने जेवतात आणि ढेकर दिल्यासारखं लिहितात. माझा नियम एकच. जे मोजता येतं तेवढंच लिहायचं. 'राजेशाही थाट', 'मखमली प्रवास' असलं काही माझ्या लेखात सापडलं, तर माझी बोटं छाटा.

त्या मंगळवारची गाडी माझ्या धाकट्या बहिणीला घ्यायची होती. तिच्या घरात ती, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिने मला न विचारता एक गाडी घेतली आणि उतारावर, तिघं आत असताना, त्या गाडीचे ब्रेक गेले. कोणाला खरचटलंही नाही, पण बहिणीने पुढचे सहा महिने गाडीचं नाव काढलं नाही. आता तिला मोठी, लांबलचक सेडान हवी होती. "दादा, तू हो म्हणालास की घेते. नाही म्हणालास की विषय संपला," ती फोनवर म्हणाली. म्हणजे तिघांचे जीव माझ्या एका शब्दावर. मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू.

मालक दंतवैद्य होते, साठीचे. खाली दवाखाना, वर घर, बाजूला पत्र्याच्या छपराखाली गाडी. गडद निळी, अकरा वर्षांची, पहिल्यापासून एकाच घरात. भर दुपार होती. पत्रा तापून टकटक वाजत होता.

"तोंड उघडून दाखवू का तिचं?" डॉक्टर बोनेटकडे बोट करत म्हणाले आणि स्वतःच हसले.

"शेवटी," मी म्हणालो.

पुढे चार बोटं मावली. मागे दीड.

"डिकीत सामान आहे का?"

"रिकामी आहे. बघा ना."

रिकामीच होती. स्टेपनी आणि जॅक, बस्स. गाडीखाली शिरलो. स्प्रिंगा शाबूत, कुठे तडा नाही, कोणी बदलल्याची खूण नाही. बाहेर येऊन डिकीवर दोन्ही तळहात टेकवून जोर दिला. कुठलीही गाडी अशी दाबली की खाली जाते आणि एकदा उसळून थांबते. ही हललीच नाही. माणसं भरलेली गाडी हलत नाही, तशी.

"मागून बसलीय," मी म्हणालो.

"असते," डॉक्टर म्हणाले. "तिला सवय आहे."

मी वहीत लिहिलं: मागची उंची कमी, कारण सापडलं नाही. मला असं लिहायला आवडत नाही.

मग सीटा पाहिल्या. माणूस खोटं बोलतो, सीट बोलत नाही. चालवणाऱ्याची सीट नेहमी दाराकडच्या कडेला झिजते. मागची मधली सगळ्यात कोरी राहते, कारण तिथे बसायला कोणालाच आवडत नाही. पायाखाली उंचवटा, धरायला काही नाही, दोन्हीकडे कोणाची तरी कोपरं. या गाडीत उलटं होतं. चालवणाऱ्याची सीट जवळजवळ नवी. मागची मधली मात्र खोलगट झालेली, कापड चकाकायला लागलेलं. उंचवट्यावरचा गालिचा टाचांनी घासून दोरे निघाले होते.

"घरात माणसं किती?"

"मी आणि ही. मूलबाळ नाही."

"मग मधे कोण बसायचं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आळीपाळीने," म्हणाले.

म्हाताऱ्यांचं काय विक्षिप्तपण असेल ते असो, असं म्हणून मी गाडी चालवायला घेतली. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांच्या गाडीचा क्लच इतका हलका मी क्वचित पाहिलाय. गिअर बोटाने ढकलला तरी पडत होता. ब्रेक सरळ रेषेत. खड्ड्यातून गेली तरी आतल्या माणसाला पत्ताही लागत नव्हता. बहिणीला हीच गाडी द्यायची, असं मी मनात जवळजवळ ठरवून परत आलो.

शेवटचं काम राहिलं. प्रत्येक सीटवर दहा मिनिटं बसायचं. इंजिन बंद, दारं बंद, फोनवर अलार्म. बाकीचे सगळे चालवून बघतात, पण कुटुंब काही स्टेअरिंगवर बसत नाही. कुठे पाय अवघडतो, कुठे पाठ दुखते, ते बसल्याशिवाय कळत नाही. माझी बहीण म्हणते, "दादा गाडी बघत नाही, उबवतो."

पुढच्या दोन्ही सीटा उत्तम. मागची उजवी चांगली, पण दहा मिनिटांनी लक्षात आलं की मी दाराला चिकटून बसलोय. खांदा काचेला टेकलेला. नीट मधे सरकून बसलो, आणि थोड्या वेळाने परत काचेपाशी. टेप लावून रुंदी मोजली. भरपूर होती. मागच्या डाव्या सीटवरही तेच झालं, दुसऱ्या दाराशी.

पावणेदोनला मी मधल्या सीटवर बसलो.

डॉक्टर खिडकीशी वाकले. "आरामात बसा," म्हणाले. खुर्चीतल्या पेशंटला सांगतात तसं. दवाखान्यात निघून गेले.

आधी शांत वाटलं. रस्त्याचा आवाज तुटला. सीट खोलगट असल्यामुळे मी आत रुतलो, आणि सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं. गेल्या कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग दोन्ही दंडांना ऊब लागली.

उन्हाची नव्हती. ऊन पुढच्या काचेतून येत होतं. ही ऊब बाजूने येत होती आणि दंडापासून मांडीपर्यंत सलग होती. भरलेल्या बाकावर शेजारच्याची लागते तशी. मी डावीकडे पाहिलं. रिकामी सीट. उजवीकडे रिकामी सीट.

दोन्ही बाजूंच्या काचांवर वाफ धरायला लागली. बाहेर कोरडं ऊन आणि काचेवर आतून वाफ. पूर्ण काचेवर नाही. दोन गोल, वाटीएवढे, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. लहान व्हायचे, मोठे व्हायचे.

मी मोजलं. सवयच. डावीकडचा मिनिटाला चौदा वेळा. उजवीकडचा सोळा.

उठायचं ठरवलं. हात उचलला जाईना. बांधल्यासारखा नव्हता, दुखतही नव्हता. दाटीत बसल्यावर हात वर काढायला जागा नसते, एवढंच. मी अंग चोरलं, तर जेवढं चोरलं तेवढी जागा बाजूंनी भरून गेली. बरगड्यांना पुरता श्वास घेता येईना.

खिशात अलार्म वाजला. खिशापर्यंत हात जात नव्हता. वाजून वाजून तो आपोआप बंद झाला.

मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलं नव्हतं, हे मी स्वतः तपासलं होतं. कड्या दोन हातांवर होत्या.

गालाला हात लावलेला एक पेशंट छपराखाली आला. मागच्या दाराच्या काचेशी वाकला. मी ओरडलो. त्याने काचेत बघून केस नीट केले, दातांकडे बघून तोंड वाकडं केलं आणि दवाखान्यात गेला. माझा आवाज मलाही आला नव्हता.

पत्र्याची सावली बोनेटवरून सरकत फाटकापर्यंत गेली. डॉक्टर एकदा दारात आले, हात पुसत माझ्याकडे पाहून मान डोलावली, आत गेले.

सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. मी ओरडणं सोडून दिलं होतं. माझा श्वास डावीकडच्याच्या बरोबरीने चालला होता. चौदा.

मग वरच्या जिन्यावरून चपला वाजल्या. डॉक्टरांची बायको खाली आली. ओले हात, डोक्याला रुमाल. "अहो, किती वेळ ठेवलंत त्यांना!" ती दवाखान्याकडे तोंड करून ओरडली. "परके आहेत ते!"

"गिऱ्हाईक आहे," आतून आवाज आला. "सवय होऊ दे."

तिने डावं दार उघडलं. "सरका," म्हणाली, "मी बसते."

ती आत आली आणि माझ्या उजव्या बाजूची ऊब गेली. मी उजव्या दारावर आदळलो, कडी पहिल्याच झटक्यात उघडली, आणि मी कोपरांवर सिमेंटवर पडलो. वळून पाहिलं तर बाई मधे बसल्या होत्या. हात मांडीवर, डोळे मिटलेले. दमून घरी आलेल्या माणसासारखा चेहरा.

"दार लावा," त्या म्हणाल्या.

मी लावलं. का लावलं, माहीत नाही. घड्याळात सव्वाचार झाले होते.

त्या संध्याकाळी मी माझ्या टेबलाशी बसून अहवाल लिहिला. रंगाची जाडी, टायरची खोली, क्लच, ब्रेक, मागच्या सीटची रुंदी. शेवटी लिहिलं, 'मागच्या मधल्या सीटवर', आणि पुढे काही सुचेना. काय लिहू? ऊब लागली? कोणाची, किती अंश? मी ती ओळ खोडली. दहापैकी साडेआठ दिले आणि बहिणीला पाठवून दिला. लोक मला बेधडक म्हणतात. मी त्या रात्री हशाला भ्यायलो. बाकी सगळी सारवासारव आहे.

सकाळी तोंड धुताना शुद्धीवर आलो आणि तिला फोन लावला.

"घेऊ नकोस."

"अरे, साडेआठ दिलेस ना? तू सात सुद्धा कधी देत नाहीस."

"गिअरबॉक्स गेलाय. नंतर लक्षात आलं."

आयुष्यात पहिल्यांदा एका गाडीवर खोटा आळ घेतला. त्याच दुपारी मेहुण्याने स्वतःचा मेकॅनिक नेला. मेकॅनिक म्हणाला, असे गिअर नव्या गाडीत पडत नाहीत. संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला.

"दादा, तुम्हालाच हवी असेल तर तसं सांगा ना. आम्ही दुसरी बघतो. पण गिअरबॉक्सचं काय हे?"

"फोन तिला दे."

बहिणीला मी सगळं सांगितलं. ऊब, वाफ, चौदा आणि सोळा. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तू एकदा डॉक्टरला दाखव. दातांच्या नव्हे."

"मी हात जोडतो. पोरीला त्या गाडीत बसवू नकोस."

"काल म्हणालास गाडी चांगली, सकाळी म्हणालास गिअरबॉक्स गेला, आता म्हणतोस भूत. यातलं मी कुठलं धरू?" तिचा आवाज चढला नव्हता, तेच लागलं. "तू लिहून दिलंयस ना? मी लिहिलेलं धरते."

त्यांनी गाडी घेतली. मी दहा दिवस फोन केला नाही. करून काय सांगणार होतो? माझा शब्द मीच खर्च करून बसलो होतो.

रविवारी अकरा वाजता खाली हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं, निळी गाडी फाटकासमोर उभी. इंजिन बंद. मी चहाचं आधण ठेवलं आणि वाट पाहिली. जिन्यावर पावलं वाजली नाहीत. पाणी उकळून आटलं, तरी कोणी उतरलं नाही.

खाली गेलो. मेहुणा स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. बहीण शेजारी. तिने काच खाली केली आणि हसली. इतकी निवांत मी तिला लग्नाआधीही पाहिली नव्हती.

"चला वर. चहा टाकलाय."

"बसू की जरा इथेच. काय घाई आहे?"

"किती वेळ बसलायत?"

तिने मेहुण्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. "सकाळपासून," तो म्हणाला, "बहुतेक."

"पोरगी कुठाय?"

"मागेच आहे की, झोपलीय. गाडीत बसली की झोपतेच हल्ली. शाळेत सोडायला गेलं तरी उतरायला तयार नसते."

मी मागच्या दाराला हात घातला.

"दादा, हळू. उठवू नकोस तिला."

दार उघडलं. भाची मधे बसली होती, पाय उंचवट्यावर, दोन्ही बाजूंच्या सीटा रिकाम्या. मान उजवीकडे कलंडलेली. डोकं हवेत होतं, खाली काहीच नव्हतं, तरी ते पडत नव्हतं. आणि तिचा उजवा गाल, कोणाच्या तरी खांद्यावर बराच वेळ टेकला की होतो तसा, चपटा झाला होता.