एक ओळ आधी

गायकांना शब्द पाठ असतात, पण ऐन वेळी गळ्याशी येऊन अडकतात. म्हणून ऑपेरात माझ्यासारखी प्रॉम्प्टर लागते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, फळ्यांखाली, एक कोंदट खड्डा आहे. एक माणूस जेमतेम मावतो. तिथे बसून मी प्रत्येक ओळीचे पहिले शब्द गाण्याच्या जरा आधी बोलायचे, प्रेक्षकांना ऐकू जाणार नाहीत असे.

त्या दिवशी शेवटच्या अंकाची तालीम होती. दोन घराण्यांचं हाडवैर, त्यात सापडलेली दोन पोरं, शेवटी विष. दर प्रयोगाला इथे माझे डोळे भरून येतात. त्या दिवशी मात्र मी नुसती धुमसत होते. सकाळी लेकीने तोंडावर सांगितलं होतं, लग्न करीन तर शेजारच्यांच्याच मुलाशी. सामाईक भिंतीवरून त्या घराशी आमचं कित्येक वर्षं बोलणं नाही आणि हिला तोच सापडला! मी तिला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि कामावर आले. बस म्हटलं आता.

नायिकेने विषाची बाटली उचलली. मी ओळ दिली. ती गायली, "आई, दार उघड."

संगीत संचालकांनी हातातली काठी आपटली. "हे काय नवीन?"

"ताईंनी हेच सांगितलं," नायिका खाली माझ्याकडे बघत म्हणाली.

"मी? वेड लागलंय का मला?" मी खेकसले.

पुन्हा सुरुवात झाली. या खेपेला मी तोंड मिटूनच ठेवलं. त्या एवढ्याशा खड्ड्यात, माझ्या कानाशी, कुणीतरी श्वास घेतला. मग लेकीचा आवाज, अगदी हळू. "आई, मला गुदमरतंय." वर नायिकेने तेच शब्द सुरात गायले. वादक थांबले नाहीत. संचालकही थांबले नाहीत.

मला उठायचं होतं. घरी जायचंय, एवढंच म्हणायचं. पण का, असं कुणीतरी विचारलंच असतं. दुसऱ्यांच्या वैरावर आसवं गाळणारी ही बाई, हिने पोटची पोर कोंडून ठेवलीय, हे चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगू? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी मी बसून राहिले.

"आई, तू आहेस ना तिथे?"

वर त्याचंही गाणं झालं.

मग नुसता श्वास.

मग तोही नाही.

नायिका आडवी झाली. "वा! असंच हवं," संचालक म्हणाले.

मी धावत सुटले. घरी पोचताच कडी काढली.

लेक खुर्चीत बसली होती, धडधाकट. मी तिला मिठीच मारली. "चुकले गं बाळा," म्हणत ढसाढसा रडले. तिने मला हलकेच बाजूला केलं, परक्या बाईला करावं तसं.

"काकू, तुम्ही दार उघडलंत हे माझ्या आईला सांगू नका हं," ती कुजबुजली. "फार रागीट आहे ती."

"अगं, मीच..."

"येईलच ती इतक्यात. कडी होती तशी घाला."

हाताला धरून तिने मला उंबऱ्याबाहेर नेलं आणि दार लोटून घेतलं. खालच्या फटीतून तिची पावलं दिसत होती. मी कडी घातल्याचा आवाज होईपर्यंत ती हलली नाहीत.